बैठकीसाठी घेतलेली सुई

सुईला मी कधी घाबरलेलो नाही. इटलीत लढाई बघून आलेला हवालदार मी, सुई म्हणजे काय हो! सांगलीच्या डॉक्टरांनाही मी छातीठोक सांगितलं, "कुठं टोचायची तिथं टोचा! फक्त अकरा वाजता मला बैठकीत बसता आलं पाहिजे."

बसता येणं, हाच तर सगळा घोळ होता. सेहेचाळीस साली पलटणीतून कोरेगावला घरी आलो. तिसऱ्या दिवशी बायकोला, बनुबाईला, खरा फौजी सलाम कसा असतो ते दाखवावं म्हणून अंगणात टाचा जुळवल्या. अंगण तिनं नुकतंच शेणानं सारवलेलं. टाचा जुळल्या, हात कपाळापर्यंत गेला, आणि बाकीचा मी खाली गेलो. थेट माकडहाडावर! तेव्हापासून सात महिने मी उभा होतो. जेवायला उभा, दाढीला उभा. गावाला वाटायचं, फौजेची सवय. मीही वाटू दिलं.

त्यात माझ्या धाकट्या बहिणीची, अंजनाची, सोयरीक निघाली. स्थळ सांगलीजवळ हरिपूरचं, घरची हळदीची शेती. मुलगा अर्जुना अंजनाला मनापासून पसंत. आमचे वडील नाहीत, म्हणून बोलणी करायला मी. पहिल्या बैठकीत मुलाचे वडील लालासाहेब दहा वेळा "बसा" म्हणाले आणि मी दहा वेळा "उभाच बरा" म्हणालो. आठवड्यानं मध्यस्थ केरबा निरोप घेऊन आला.

"नाथाजी, लालासाहेब लय तापल्यात. म्हनत्यात, आमच्या जाजमावर बसायची ज्याला लाज वाटती, त्याच्या घरची पोरगी नगं."

"मग खरं सांगू व्हय? बायामाणसांसमोर? माकडहाड म्हनून?"

"सांगू नगं. बस! पुढच्या बैठकीत मांडी घालून बसलास तर सुपारी फुटंल. न्हाईतर मोडलं समज."

अंजना दाराआड उभी होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. बहिणीनं असं बघितल्यावर माणूस सुईच काय, भालासुद्धा टोचून घेईल.

फौजेतूनच परत आलेले सांगलीचे ते डॉक्टर असल्या दुखण्यावर सुई देतात असं कळलं होतं. कोरेगावहून आगगाडीनं, अर्थात उभ्यानं, मी आणि केरबा बैठकीच्या दिवशी सकाळी सांगलीला पोचलो.

"कण्याच्या टोकाशी नसा असतात," डॉक्टर म्हणाले. "तिथं औषध सोडलं की त्या झोपतात. काहींचं दुखणं पुन्हा येतं, काहींचं येत नाही. कंबरेखाली बधिर होईल, पाय जड पडतील. दुपारपर्यंत पडून राहायचं."

शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही असं नाही. मला ते इतर लोकांसाठी वाटलं.

सुई लांब होती. तिच्याबद्दल एवढंच. पण पाव तासात चमत्कार! दुखणं गेलं, आणि ज्याला दुखायचं तेही गेलं! डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडं वळले तसा मी केरबाच्या खांद्यावर हात टाकून बाहेर सटकलो, आणि टांगा हरिपूरकडं निघाला.

उतरताना केरबा म्हणाला, "पाय असं का टाकतोयस रं, नव्या वासरावानी?"

"कवायतीची चाल हाय."

लालासाहेबांच्या शेजारीच जाजमावर मी मांडी घातली. घातली म्हणजे, हातानं एकेक पाय उचलून जागेवर ठेवला. लालासाहेबांच्या मिशा पहिल्यांदाच हलल्या.

"आता कसं!" ते म्हणाले.

अर्धा तास मी राजासारखा बसलो. तिथी ठरली, मानपान ठरला.

"चला, सुपारी फोडू," म्हणत लालासाहेबांनी बाजूला हात नेला. अडकित्ता नाही!

पानाचं तबक उलथून झालं. लोडामागं बघून झालं. ऐन सुपारीच्या वेळी अडकित्ता हरवला म्हटल्यावर आत बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी अपशकुन असं म्हटल्याचंही मी ऐकलं.

"आत्ता हितं उघडा ठेवला हुता!" लालासाहेब म्हणाले. "उठा सगळे. जाजम झाडा."

सगळे उठले. मी सोडून.

"उठा की, पावणं."

मी उठलो. म्हणजे, उठायचं ठरवलं. वरचा मी तयार होता, खालच्याला निरोपच पोचेना.

"उठता येत न्हाई," मी म्हणालो.

"मागल्या खेपंला बसंना, अन् ह्या खेपंला उठंना! थट्टा लावलीया व्हय आमची? उचला रं ह्येला!"

केरबानं आणि आणखी एका गड्यानं बगलेत हात घालून मला उचललं. मी वर आलो, आणि माझ्या धोतराला लटकत अडकित्ताही वर आला. पात्याचं टोक चांगलं नखभर रुतलेलं. धोतराला रक्त.

सगळे वाकून बघायला लागले.

"अर्धा तास ह्याच्यावर बसला हुता?" लालासाहेबांनी विचारलं.

"मला कळलं न्हाई."

"कळलं न्हाई?"

आता लपवायचं काय उरलं होतं! दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत, सगळ्या बायामाणसांसमोर मी सांगून टाकलं. शेण, सलाम, माकडहाड, सुई, सगळं. "चूक माजी हाय," मी म्हणालो. "अंजनावर राग काढू नका. पोरगी लय गुनाची हाय."

"हे खरं कशावरनं?" लालासाहेबांची मिशी ढिम्म.

तेवढ्यात त्यांची म्हातारी आई, भामाबाई, उंबऱ्यात आली. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"आरं लाला, खोटंच बोलायचं असतं तर गोळी लागली म्हनला असता की! शेनावरनं घसरलो म्हनून कुनी फुशारकी मारतं व्हय?"

लालासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. अडकित्त्याकडं बघितलं. मग तो आत पाठवून धुऊन आणला, आणि त्यानंच सुपारी फोडली. मला पालथं निजवून पान देण्यात आलं.

दुपारी डॉक्टरांनी दोन टाके घातले आणि त्याहून जास्त शिव्या घातल्या. वैशाखात अंजनाचं लग्न झालं. ती सुखात आहे.

आणि माकडहाड? ते त्या दिवसापासून आजतागायत दुखलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, गुण सुईचा. लालासाहेब म्हणतात, सुई कसली, आमच्या अडकित्त्यानं बरोबर नस गाठली. मी दोघांनाही व्हय म्हणतो. काय करणार! एकाच्या घरात बहीण आहे, आणि दुसऱ्याच्या हातात सुई!