बालकासोबतचे प्रौढ

लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण करणाऱ्या जोडप्याला विश्रांतीची नितांत गरज असते, असा निर्णय कामोठ्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सर्वानुमते घेण्यात आला. बैठकीला मुलगा परेश आणि सून रिया हजर होते. संबंधित जोडप्यापैकी जनी त्या वेळी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती आणि काशिराम दूध आणायला गेला होता.

काशिराम आणि जनी मूळचे जासईच्या पुढच्या खाडीकाठचे. त्याने आयुष्यभर होडी चालवली, तिने आयुष्यभर पनवेलच्या बाजारात मासळी विकली. नात झाली तेव्हा परेशने होडी विकायला लावली आणि "आता आराम करा" म्हणत दोघांना कामोठ्याला आणलं. रिया बँकेत, परेश एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात. दोघं सकाळी निघाले की नात प्रांजल आजी-आजोबांकडे. ती दीड वर्षाची होती आणि फक्त कडेवर झोपायची. आराम हा असा चालू होता.

"बेटावर जायचंय," परेशने जेवताना जाहीर केलं. "सगळ्यांनी. तुमच्या लग्नाचा वाढदिवस. विमानाने जायचं, समुद्रकिनारी राहायचं."

"दर्या बघाया विमानानं?" काशिरामने विचारलं.

"तो वेगळा समुद्र आहे, बाबा. निळा."

काशिरामला जायचं नव्हतं. पण भांडी घासताना जनी हळूच म्हणाली, "जाऊ या की. तुमी दर्यावर असायचात तवा मी काठावर. तुमी काठावर आलात की मी बाजारात. एकदा पान्याजवळ दोघं बसू. कामाबिगर." चाळीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं काशिरामला आठवेना. तो म्हणाला, "बसू."

पहिली अडचण ट्रॅव्हल एजंट कल्पेशने अत्यंत आदराने मांडली. लग्नाच्या वाढदिवसाच्या योजनेत जोडप्याला पाण्यावरचा व्हिला मिळत होता, पण त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागत होतं. काशिराम-जनीचं लग्न कोळीवाड्यात मांडवात लागलं होतं. अख्खा गाव जेवला होता, पण गावाने जेवल्याची पावती दिली नव्हती.

"लग्न झालंय याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही," कल्पेश म्हणाला. "शंका सिस्टीमच्या मनात आहे. तुमचं सर्टिफिकेट जोडा ना, परेशभाई. फक्त कागदोपत्री."

परेशने स्वतःचं प्रमाणपत्र जोडलं. त्यामुळे कागदोपत्री वाढदिवस परेश आणि रियाचा झाला. प्रांजल 'बालक' झाली. काशिराम आणि जनी यांच्यासाठी जो एकमेव रकाना शिल्लक होता त्यात ते बसले: 'बालकासोबतचे प्रौढ'.

रिसॉर्टवर स्वागत फार छान झालं. शहाळं दिलं, गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातल्या. मग चारुता नावाची पाहुण्यांची व्यवस्था बघणारी मुलगी मनगटावर बांधायच्या पट्ट्या घेऊन आली. ती चिंचवडची निघाली, त्यामुळे नियम मराठीत समजून घेण्याची सोय झाली. तिने परेश आणि रियाला सोनेरी पट्ट्या बांधल्या, काशिराम आणि जनीला हिरव्या.

परेश मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "ॲक्चुअली, ॲनिव्हर्सरी आई-बाबांची आहे. पट्ट्या बदलता येतील का?"

"लगेच बदलते, सर," चारुता म्हणाली. "सोनेरी पट्टीवाल्यांना पाण्यावरचा व्हिला. तिथे लहान मुलांना परवानगी नाही, खाली पाणी आहे ना. मग मूल तुमच्याकडे. तुम्ही बागेकडच्या खोलीत राहाल आणि दिवसभर मुलाबरोबर बालविभागात बसाल. बदलू?"

परेशने रियाकडे पाहिलं. रियाने परेशकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्या दोघांचं इतकं संपूर्ण एकमत कधीही झालेलं नव्हतं.

"आजचा दिवस राहू दे," रिया म्हणाली. "प्रांजलला नवीन जागेत आजीच लागते. उद्या बदलू."

दुसऱ्या दिवशी परेशला पोहण्याचा वर्ग होता. तिसऱ्या दिवशी रियाचं तेलमालीश होतं आणि ते आधीच ठरलेलं होतं. बदल करण्याची इच्छा मात्र दोघांनीही रोज नाश्त्याच्या वेळी व्यक्त केली.

बालविभागाचं नाव 'किलबिल'. ती काचा बंद असलेली थंडगार खोली होती. लहान मुलांना खऱ्या समुद्राची भीती वाटू नये म्हणून व्यवस्थापनाने आत समुद्राची सोय केली होती. भिंतीवर निळा रंग आणि त्यातून हसत वर येणारे डॉल्फिन, छतातल्या स्पीकरमधून लाटांचा आवाज, खाली निळा गालिचा आणि त्याच्यावर प्लास्टिकची पिवळी होडी. प्रांजलला होडी आवडली. पण आजोबा आत बसल्याशिवाय ती बसेना. काशिराम बसला, तेव्हा तिथल्या ताईने त्याच्यासमोर केशरी लाइफ जॅकेट धरलं.

"हितं बुडाया पानी कुठं हाय?" काशिरामने विचारलं.

"पाणी नाही, काका. पण होडी आहे. होडीत बसणाऱ्याने जॅकेट घालायचं, असा नियम आहे."

काशिरामने आयुष्यात जॅकेट घातलं नव्हतं. आता तो गालिच्यावरच्या होडीत जॅकेट घालून, गुडघे छातीशी घेऊन बसला. प्रांजल "हेया हेया" म्हणत होती आणि तो वल्ह्यासारखे हात हलवत होता. जनी दारात वाटीतला भात कालवत उभी होती. तिला हसू आलं, ते तिने पदराने झाकलं. काशिरामने ते पाहिलं आणि त्यालाही हसू आलं. सहलीतला तेवढा क्षण निर्विवादपणे त्यांचा होता.

त्याच वेळी परेश खांद्यावर टॉवेल टाकून आला. त्याने मोबाइल काढला आणि फक्त काशिरामचं तोंड, होडीची कड आणि मागचा निळा रंग येईल असा फोटो घेतला. संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे पोचला होता. खाली लिहिलं होतं: 'ज्यांनी आपल्यासाठी आयुष्य वेचलं, त्यांना समुद्र दाखवण्याचं भाग्य लाभलं.' खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. कोळीवाड्यातूनही बऱ्याच आल्या. काशिरामला समुद्र कोणी दाखवला, हा प्रश्न तिथेही कोणी विचारला नाही.

शेवटच्या संध्याकाळी काशिराम स्वतःच व्हिलाकडे गेला आणि बाहेरून म्हणाला, "परेश, आज सांज आमाला दे. तुजी आई पान्याजवळ बसंल म्हनते."

परेश ओशाळला. "अहो, असं काय मागताय, बाबा. जा की." रियाने तर स्वतः येऊन प्रांजलला घेतलं. जनीने ठेवणीतली हिरवी नऊवारी नेसली, केसांत चाफा माळला. दोघं किनाऱ्याच्या फाटकाशी आली. तिथे चारुता उभी होती. तिने अदबीने हिरव्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"बालक कुठे आहे, सर?"

"तिच्या आईजवळ."

"मग तुम्हाला इथे सोडता येणार नाही. तुमची नोंद बालकासोबतचे प्रौढ अशी आहे. बालकच नसेल तर तुम्ही कुणासोबतचे?"

काशिराम माघारी गेला आणि प्रांजलला कडेवर घेऊन आला. चारुताचा चेहरा आणखी दिलगीर झाला.

"हा किनारा फक्त जोडप्यांसाठी आहे, सर. बालकांना मनाई आहे."

काशिरामने सगळं मनात नीट लावून पाहिलं. "म्हंजे पोर नसली तर आमी नाय. आनि पोर असली तरी आमी नाय."

"अगदी बरोबर, सर," चारुता म्हणाली. नियम इतक्या लवकर कळलेला पाहुणा तिला बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

"बाय, आमी जोडपं हाय की."

"असाल, सर. माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते सिस्टीममध्ये दिसत नाही."

फाटकाच्या पलीकडे वाळूत टेबलं मांडली होती, मेणबत्त्या लावत होते. त्यापलीकडे पाणी होतं. जनीने ते क्षणभर पाहिलं, मग पदर खोचला आणि म्हणाली, "चला. पोरीचा जेवनाचा टाइम झाला."

किलबिलमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं. दोन घास खाऊन प्रांजल पिवळ्या होडीतच झोपली. तिला हलवलं असतं तर उठली असती, म्हणून काशिराम होडीच्या एका टोकाला टेकला आणि जनी दुसऱ्या. छतातून लाटा येत होत्या.

"आवाज बरा हाय," जनी म्हणाली.

"हाय," काशिराम म्हणाला आणि त्याने तिचा हात हातात घेतला.

तेवढ्यात ताई दारात आली. "सॉरी काका, वेळ संपली. समुद्र बंद करायचाय." तिने बटण दाबलं आणि समुद्र बंद झाला.

कामोठ्याला परतल्यावर त्या फोटोमुळे परेशचं नाव झालं. सेक्टरच्या सांस्कृतिक मंडळाने त्याला 'आदर्श अपत्य' पुरस्कार जाहीर केला. सभागृह भरलं होतं. मंडळाचे अध्यक्ष अविनाशराव बोलायला उभे राहिले. "आजच्या पिढीत आई-वडिलांना कोणी वेळ देत नाही," असं ते म्हणाले तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोळे पुसले. काशिरामला शाल द्यायची होती, दोन शब्द बोलायलाही सांगणार होते. पण ऐन वेळी प्रांजल रडू लागली, ध्वनिव्यवस्थेवर परिणाम होऊ लागला, आणि तिला बाहेर नेण्याची विनंती मंचावरून सत्कारमूर्तींच्या वडिलांना करण्यात आली. शाल परेशने स्वीकारली.

बाहेर पटांगणात काशिरामला एकटं वाटलं नाही. आत बसलेल्या जवळजवळ सर्वांचे आई-वडील तिथेच होते. कोणी घसरगुंडीपाशी, कोणी बाबागाडी ढकलत, कोणी दुधाची बाटली हलवत. कार्यक्रम शांततेत पार पडावा म्हणून त्यांना मुलांसह आधीच बाहेर पाठवलं होतं.

"तुम्हीच ना ते बेटावर जाऊन आलेले?" एका आजोबांनी विचारलं. "कसा होता समुद्र?"

"चांगला होता," काशिराम म्हणाला. "टायमावर बंद व्हायचा."

आजोबांनी समजल्यासारखी मान हलवली. जनी येऊन काशिरामशेजारी पायरीवर टेकली. ती नीट बसते न बसते तोच आतून एक बाई लगबगीने आली, स्वतःचं झोपलेलं मूल जनीच्या मांडीवर ठेवलं, "काकू, दोनच मिनिटं, फार सुंदर बोलतायत," असं कुजबुजली आणि परत आत जाऊन बसली. आत टाळ्यांचा कडकडाट झाला.

आपण ही गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत, मधे एकदाही उठावं लागलं नाही. घरात लहान मूल नसेल तर प्रश्नच मिटला. असेल, तर ते आत्ता कुणाच्या मांडीवर आहे, हे तेवढं सवडीने बघून घ्या.