सोरा-गंधकाच्या देवघेवीची हकीकत

श्री. दोन्ही तीरांस सारखेच पाणी पाजणाऱ्या नदीमाउलीस दंडवत घालून, आणि वाचणारांपाशी थोडा धीर मागून, हकीकत लिहितो ऐसीजे, शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरी, आमच्या राज्यात सोरा उदंड निघे आणि गंधक औषधालाही नव्हता, आणि पैलतीरीच्या राज्याच्या बंदरी परमुलखांची जहाजे लागत, तेथे गंधक उदंड आणि सोरा नव्हता, मग तोफेची दारू एकट्याने कोणासच करिता येईना, म्हणून सुख होते. ते सुख शहाण्यांस बघवले नाही. पैलतीरी एक बुरूज चढला, आणि आमचे मंत्री नागोपंत दरबारी बोलते जाहले, "महाराज, शेजारी तो वैरी. दोन राज्यांचा न्याय करील ऐसा वरती कोणी पंच नाही. बळ तेवढे खरे." आणि महाराजांनी दारू करावयाची आज्ञा केली, मग गंधक आणावा कोठून हा पेच पडला, तेव्हा व्यापारी बाळशेट पुढे होऊन म्हणाले, "वैऱ्याकडूनच घेऊ! आपण सोरा देऊ, ते गंधक देतील. देवघेव चालू असता कोण कोणावर तोफ डागतो?" जन्मभर भांडलेले हे दोघे त्या दिवशी एकमत जाहले, आणि आम्ही तेव्हाच ओळखले की आता धडगत नाही.

तोफखान्याचा दारोगा सुभानजी, त्याची लेक आवडाई पैलतीरी नांदत होती. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, आपुन धाडलेला सोराच उद्या आपल्या डोक्यावर पडंल. अन् माझी लेक हाय तिकडं." नागोपंत म्हणाले, "राजकारणात लेकीबाळी आणू नका." बाळशेट म्हणाले, "व्यापार वाढला की लेकीस साखर स्वस्त मिळू लागेल, ते पाहा." सुभानजी मुजरा करून माघारी फिरला.

मग नावा सुटल्या, आणि दोन्ही कोठारे भरली, आणि भरली म्हणून दोन्ही दरबार भ्याले, आणि भ्याले म्हणून आणिक भरली, आणि एके सकाळी पैलतीरीच्या त्या बुरुजावर कोणी वाळत घातलेले धोतर फडफडले, ते लढाईचे निशाण समजून नागोपंतांनी तोफा डागण्याचा हुकूम सोडिला. सुभानजीने बत्ती द्यावयाचे नाकारिले, मग त्यास दूर करून दुसऱ्याने दिली, आणि तिकडची पेठ उडाली, मग तिकडून गोळे आले आणि आमची वेस ढासळली. त्या दगडांवर उभे राहून नागोपंत हर्षाने म्हणाले, "शेजारी वैरीच निघाला की नाही?" आणि बाळशेट म्हणाले, "इतके होऊनही एक नाव थांबली नाही, पाहिलेत?" आणि महाराजांनी दोघांसही शालजोडी दिली. आम्हांस संताप ऐसा आला की लेखणी नदीत फेकावी.

सुभानजी धक्क्यावर गेला आणि नावाड्यास म्हणाला, "बाबा, लेकीचा ठाव घ्यायचाय, पल्याड ने." नावाडी मान खाली घालून म्हणाला, "दारोगा, सोऱ्याला परवाना हाय. माणसाला न्हाई." आणि नाव गेली.

एवंच, त्या साली बळ वाढले, व्यापार वाढला, आणि दोन्ही पंडितांची मते खरी ठरली. आवडाईचे वर्तमान अद्याप आले नाही.