कळ्ळं, कळ्ळं!

आमच्या कोल्हारच्या नानांना कुणी प्रश्न पुरा विचारलाय, असं मी अजून पाहिलेलं नाही. आपण "नाना, उद्या..." एवढंच म्हणावं, की नाना म्हणणार, "कळ्ळं, कळ्ळं! न्हाई जमायचं!" काय जमायचं नाही, ते मात्र त्यांनाही ठाऊक नसतं. नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. एकदा एका गृहस्थाच्या हातात हार दिसला, तसं त्यांनी शिर्डीचं तिकीट फाडलं. तो बिचारा राहुरीला मेव्हण्याच्या सत्काराला निघाला होता.

गेल्या वर्षी काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण वाचा अडखळत राहिली. त्या "मला..." म्हणून पुढचा शब्द शोधू लागल्या, की नाना "कळ्ळं, कळ्ळं! चहा!" करत गॅसकडे धावायचे. वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी बजावलं, "शब्द त्यांचा त्यांना सापडू द्या. नाहीतर त्या बोलणंच सोडून देतील." नाना हबकले. तरी जीभ आवरेना. शेवटी बाईंनी त्यांना नगरला एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. सोबत मी.

तिथली परीक्षा सोपी. संगणकावर एकेक अक्षर येतं. प्रत्येकाला बटण दाबायचं, फक्त 'क्ष' आला की दाबायचं नाही. नानांनी गाडी सोडायची घाई असल्यासारखं बटण बडवलं. 'क्ष'लाही दाबलं, पुढच्या 'क्ष'लाही. पुन्हा बसवलं, तर उजवा हात मांडीखाली दाबून धरला. मग एकाही अक्षराला बटण दाबलं गेलं नाही.

"बाकीच्या अक्षरांवरून लक्ष कळतं," मॅडम म्हणाल्या. "मनाला आवर किती आहे ते 'क्ष'वरून कळतं. दाबावंसं वाटणारच, पण तिथं..."

"कळ्ळं, कळ्ळं!"

मला हसू फुटलं. परतताना मात्र राहुरी आल्यावर नाना म्हणाले, "ती खरंच बोलायची बंद झाली तर रं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे बसलो होतो. काकू म्हणाल्या, "मला..."

नानांचा हात मांडीखाली गेला. ओठ घट्ट मिटले. खरं सांगतो, 'चहा' माझ्याच तोंडातून निसटणार होता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, मान हलली, आणि बऱ्याच वेळानं शब्द आला.

"मला... न... नदी...वर. न्या."

नानांनी काकूंच्या चपला आणल्या, खाली बसून पायात घातल्या. "वर्षभर हिला नुसता चहाच पाजत बसलो की रं," ते मला म्हणाले. मग काकूंकडे बघून हळूच म्हणाले, "आत्ता कळ्ळं."