दौलतरावांची गाडी पोवळ्यावर जाते

एका जंगलात, मुलांनो, कशालाच तोटा नव्हता. झरा होता, करवंदं होती, गार सावली होती आणि कामधंदा असा कुणालाच नव्हता. त्यामुळे तिथल्या प्राण्यांना सुट्टीची फार गरज भासायची.

हसू नका. तुमच्या घरी वेगळं काय चालतं?

तर त्या जंगलात दौलतराव गवा राहत होते. दौलतरावांना चार पाय होते आणि चारही धडधाकट होते. तरी त्यांनी गाडी घेतली. साधी नाही हं, फोर बाय फोर. म्हणजे चारही चाकं मिळून ओढणारी. ती चिखलातून जाते, वाळूतून जाते, दगडधोंड्यांवरून जाते असं दौलतराव सगळ्यांना सांगायचे. प्रत्यक्षात ती जांभळाच्या झाडाखालून कुठेच गेली नव्हती. दौलतराव तिला रोज पुसायचे आणि म्हणायचे, "हिच्या लायकीचा खराब रस्ता या जंगलात राहिलाच कुठे?"

त्याच जंगलात आवडाताई साळींदर राहायच्या. अंगभर काटे आणि स्वभाव लोण्याचा. कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडायची. काट्यांमुळे त्यांना कधी कुणी जवळ घेतलं नव्हतं. लग्नकार्यात त्यांना कोपऱ्यात बसवायचे, म्हणजे कुणाला लागायला नको. याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. मनात मात्र होतंच.

एकदा एक दमलेला कुरव पक्षी समुद्रावरून भरकटत तिकडे आला. आवडाताईंनी त्याला पाणी दिलं. त्यानं त्यांना समुद्रातल्या पोवळ्यांबद्दल सांगितलं.

"दिसायला खडक. हात लावाल तर खरचटेल. पण जिवंत असतो तो. आणि एवढ्याएवढ्याशा मासोळ्या त्याच्या कुशीत राहतात, कुणाला म्हणून टोचत नाही."

"काटेरी असून?" आवडाताईंनी विचारलं.

"काटेरी असून. मोठ्या ओहोटीला या. वाळूत उभं राहून बघायचं मात्र. पाय नाही ठेवायचा. पाय पडला की मेलं ते."

कुरव उडून गेला. आवडाताईंना मात्र झोप लागेना. आपल्यासारखं टोचरं कुणीतरी आहे आणि त्याच्या कुशीत कुणीतरी राहतं, हे एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी काही नको होतं.

त्यांची चूक एकच झाली. ही इच्छा त्यांनी चारचौघांत, पाणवठ्यावर बोलून दाखवली.

"समुद्र?" दौलतरावांनी पाण्यातून मान वर काढली. "म्हणजे वाळू? खडक? खारं पाणी?"

"हो, पण मी आपली सहज—"

"ठरलं! आवडाताईंची इच्छा आपण पुरी करायची. पोवळ्याच्या खडकाशेजारी तंबू ठोकायचा. गाडी माझी!"

आवडाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. केवढं मोठं मन एकेकाचं, असं त्यांना वाटलं. त्या भोळ्या होत्या हे मी आधीच सांगितलंय.

मग जांभळाच्या झाडाखाली बैठक भरली. रंगनाथकाका रानडुक्कर आले, कारण जिथे खाण्याचा विषय निघतो तिथे ते असतातच. विसूभाऊ वानर आले, कारण फोटो कोण काढणार? विसूभाऊंनी आल्याआल्या मोबाईलवर ग्रुप काढला. सगळे एकमेकांसमोर बसले होते, तरी ग्रुपवर 'नमस्कार मंडळी' असं टाकून झालं आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले.

आवडाताई हळूच म्हणाल्या, "घाटातून थेट किनाऱ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे म्हणे. सकाळी निघालो तर ओहोटीपर्यंत—"

"डांबरी?" दौलतरावांनी असं तोंड केलं, जसं काही ताटात शिळं वाढलं. "डांबरी रस्त्यानं जायचं तर मी गाडी कशाला घेतली, आवडाताई?"

सगळे आवडाताईंकडे बघायला लागले. त्या ओशाळल्या. खरंच की, आपण भलतंच काय बोलून गेलो, असं त्यांना वाटलं.

पुढे त्या बैठकीत समुद्राचं नाव कुणी काढलं नाही. गाडी रुतली तर काढायला दोर घ्यायचा की नको, यावर दोन गट पडले. दोर नको म्हणणाऱ्यांना विसूभाऊंनी ग्रुपमधून काढलं आणि चहा झाल्यावर परत घेतलं. रंगनाथकाकांनी गाडीत बसवायचा फ्रीज सुचवला, शेगडी सुचवली, शिवाय भाजणी घरून न्यावी की तिथे दळून घ्यावी हेही विचारलं. समुद्रकिनारी कोण भाजणी दळून देणार, हे कुणी त्यांना विचारलं नाही. विसूभाऊंनी सगळ्यांसाठी हिरवे टी-शर्ट करायला टाकले. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'पोवळी वाचवा' लिहिलेले.

"आपण निसर्गप्रेमी आहोत, हे लांबून दिसायला पाहिजे," विसूभाऊ म्हणाले.

हे बाकी खरं होतं. जवळून ते कुणाला दिसलं नसतं.

आवडाताईंना सांगायचं होतं की कुरव म्हणाला होता, पाय ठेवायचा नाही. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा रंगनाथकाका लोणच्यावर बोलत होते, एकदा दौलतराव टायरवर. मोठी माणसं बोलत असताना मध्ये कसं बोलायचं? तिथे पोहोचल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं.

निघायच्या दिवशी आणखी एक अडचण आली. दौलतराव गाडीपाशी उभे राहून आवडाताईंच्या काट्यांकडे बघत राहिले.

"तसं काही नाही हो," ते म्हणाले. "पण सीट कव्हर नवीन आहेत."

"मी नाही येत मग," आवडाताई म्हणाल्या.

"छे छे! तुमच्यासाठी तर चाललोय! मागे पोतं टाकतो ना. फ्रीजच्या शेजारी. तुम्ही आपल्या आरामात बसा, हलू नका म्हणजे झालं."

आवडाताई पोत्यावर बसल्या. अंग चोरून, काटे मिटून. आपल्यामुळे केवढा त्रास या बिचाऱ्यांना, असं त्यांना वाटत राहिलं. मुलांनो, दुसऱ्याच्या गाडीत पोत्यावर बसलेल्याला असंच वाटतं. त्याला तसंच वाटावं अशी गाडीवाल्याचीही इच्छा असते.

प्रवास मोठा देखणा झाला. डांबरी रस्ता सबंध वेळ डाव्या हाताला दिसत होता. त्यावरून सशांचा एक टेंपो गाणी म्हणत खाली उतरून गेला. दौलतराव मात्र ओढ्यातून, बांधावरून, कुणाच्यातरी काजूच्या बागेतून गाडी घालत होते. प्रत्येक खड्ड्यात ते ओरडायचे, "बघा! साधी गाडी असती तर बसलो असतो इथेच!" साधी गाडी इथे आलीच नसती, हे आवडाताईंच्या मनात आलं. त्यांनी ते मनातच ठेवलं.

किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा मोठी ओहोटी लागली होती. पाणी लांब सरकलं होतं आणि वाळूच्या पलीकडे काळपट, सपाट खडक उघडा पडला होता. त्याच्या खळग्यांत पाणी चमकत होतं. आणि त्या पाण्यात, मुलांनो, रंग होते. जांभळे, पिवळे, कोवळ्या आंब्याच्या पानासारखे तांबूस. आवडाताईंना गाडीच्या मागच्या काचेतून एवढंच दिसलं आणि त्या पोत्यावरून अर्ध्या उठल्या.

"उतरू या का?" त्यांनी विचारलं.

"उतरायचं काय?" दौलतराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, कारण वाळूत गाडी रुतली नव्हती. कुठेच काही अडलं नव्हतं. मग त्यांची नजर खडकावर गेली आणि चेहरा उजळला. "तंबू तिथे टाकू. खडकावर. चारी बाजूंनी समुद्र!"

तेवढ्यात वाळूतून बाबल खेकडा आला. बाबलचं घर त्याच खडकाच्या कपारीत होतं. पण पाहुणे यायला लागले तसा तो वाळूत भोक पाडून राहायला लागला होता आणि कपारीचं त्यानं पाहुण्यांसाठी 'सी व्ह्यू' लॉज केलं होतं.

"गाडी खडकावर जाईल का हो?" दौलतरावांनी विचारलं.

"न जावक काय झाला? येवा, येवा, फुडे येवा!" बाबल दोन्ही नांग्या हलवत म्हणाला. "काय एक होवचा नाय!"

दौलतरावांनी चारही चाकांचा तो खास गिअर टाकला. इतके दिवस वाट बघितलेला. गाडी गुरगुरली.

आता सांगायला हवं होतं. आवडाताईंना ते कळत होतं. त्यांच्या घशाला कोरड पडली.

"दौलतराव," त्या म्हणाल्या, "जरा थांबता का?"

दौलतरावांनी ब्रेक मारला. रंगनाथकाकांनी मागे वळून बघितलं. विसूभाऊंनी मोबाईल खाली केला. तिघंही त्यांच्याकडे बघत होते.

"काय झालं, आवडाताई? गाडी लागते का तुम्हाला?"

"नाही नाही. गाडी छान आहे."

"मग? पोतं टोचतंय?"

रंगनाथकाका हसले. साळींदराला पोतं टोचतंय, म्हणजे कमालच. आवडाताईही हसल्या. यांनी मला आणलं, सांभाळून आणलं, फ्रीजमधलं थंड पाणी दिलं आणि आता मी यांना सगळ्यांसमोर खोटं पाडू? इथवर आल्यावर यांचा विरस करू? पुढे अख्खी रात्र यांच्यासोबत काढायची आहे. परत जायचंय तेही याच गाडीतून.

"नाही, काही नाही," आवडाताई म्हणाल्या. "सावकाश घ्या, एवढंच म्हणत होते."

"हात्तिच्या! घेतो की सावकाश. तुमच्यासाठी एकदम सावकाश."

आणि त्यांनी खरंच सावकाश घेतली. चाकांखाली पापड मोडावेत तसा आवाज येत राहिला. सावकाश घेतल्यामुळे तो पुष्कळ वेळ आला.

"कसला आवाज हा?" रंगनाथकाकांनी विचारलं.

"शिंपले असतील," दौलतराव म्हणाले.

आवडाताईंनी डोळे मिटून घेतले होते.

तंबू उभा राहिला. शेगडी पेटली, थालीपिठं लागली. विसूभाऊंनी हिरवे टी-शर्ट घालायला लावून पाठमोरे फोटो काढले. मग भरती आली. ती रोजच येते हो, पण बैठकीत तिचा विषय निघाला नव्हता. आधी रंगनाथकाकांची शेगडी विझली. मग तंबू तरंगला. दौलतरावांनी गाडी मागे घेतली तर मागचं चाक कपारीत गेलं. त्यांनी तो दोर काढला, पोवळ्याच्या सगळ्यात मोठ्या गड्ड्याला बांधला आणि गाडी ओढायला लावली. गाडी जागची हलली नाही. गड्डा मात्र मुळासकट उपटून आला.

"कच्चं आहे इथलं पोवळं," दौलतराव वैतागून म्हणाले आणि सगळे वाळूकडे पळत सुटले.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर गावातल्या रेड्यांनी गाडी ओढून काढली. सगळे तिचं इंजिन बघण्यात गुंतले. आवडाताई एकट्याच खडकाच्या कडेला गेल्या आणि वाळूत उभ्या राहिल्या. कुरवानं सांगितलं होतं तशाच.

चाकांचे दोन पट्टे खडकावरून सरळ गेले होते. पट्ट्यांत पांढरा चुरा होता. उपटलेल्या गड्ड्याच्या जागी खळगा पडला होता, त्यात वीतभर पाणी साचलं होतं. त्या पाण्यात एक निळी मासोळी गोल गोल फिरत होती. जिथे तिचं घर होतं तिथे जायची, थबकायची, पुन्हा वळायची. आवडाताई तिच्याकडे बघत राहिल्या. पलीकडे अजून पुष्कळ खडक शाबूत होता, त्यात रंग होते. पण तिकडे बघायची त्यांना लाज वाटली. त्या ढसाढसा रडल्या.

"आवडाताई, चला!" दौलतरावांनी हाक मारली. "बघितलंत ना मनासारखं?"

"हो," आवडाताई डोळे पुसत म्हणाल्या. "छान होतं."

जंगलात परत आल्यावर सहल यशस्वी झाल्याबद्दल मोठा समारंभ झाला. समुद्राशी झुंज दिली म्हणून दौलतरावांना शाल आणि नारळ मिळाला. रंगनाथकाकांनी भरतीत थालीपिठं कशी वाचवली ते सांगितलं. विसूभाऊंनी फोटो दाखवले आणि पोवळ्यांची अवस्था फार चिंताजनक आहे, असं भाषण केलं. चुऱ्याचा फोटो त्यांनी मुद्दाम जवळून घेतला होता. "कोण करतं हो असं?" असं म्हणताना त्यांनी रुमाल काढला. सगळं जंगल हळहळलं.

शेवटी आभारप्रदर्शन आवडाताईंकडे होतं.

आवडाताई उभ्या राहिल्या. समोर अख्खं जंगल बसलं होतं. दौलतराव खांद्यावर शाल सावरत त्यांच्याकडे बघून हसत होते. चुऱ्याचा फोटो मागच्या पडद्यावर तसाच होता. कोण करतं असं, हे सांगायला एक वाक्य पुरे होतं. आवडाताईंचे काटे ताठ झाले. त्यांनी तोंड उघडलं.

"मी दौलतरावांचे मनापासून आभार मानते," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझ्या एका शब्दावर गाडी सावकाश घेतली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दौलतरावांना भरून आलं. पुढच्या सहलीला आवडाताईंना पोत्यावर नाही, पुढच्या सीटवर बसवायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

तात्पर्य : मुलांनो, ज्याच्या गाडीत बसलो आहोत त्याला वाटेत कधी टोकू नये. पोवळ्याचं काय एवढं? ते काही आपल्याला घरी सोडायला येत नाही.