विंच बांधायला झाड

बंद गल्लीच्या तोंडाशी असलेलं एकमेव झाड सोमवारी सकाळी आडवं झालं. जीवितहानी झाली नाही, एवढी नोंद करून पालिकेचं कार्यालय मोकळं झालं. आत चौदा घरं होती आणि शेवटच्या घरात टेलरची आई खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडली होती. ऑपरेशन शुक्रवारी अकराला होतं. ती वेळ हुकली तर पुढची पाच महिन्यांनी, आणि तोवर म्हातारी पुन्हा उभी राहील याची आशा सोडा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "गाडी दाराशी लागल्याशिवाय आम्ही स्ट्रेचर उतरवत नाही. नियम आहे. तुम्ही झाड काढा, मी हजर."

टेलर त्याच कार्यालयाच्या जड वस्तू हलवणाऱ्या कक्षात गेला. तिथे काचेच्या कपाटात एक नवंकोरं पोर्टेबल विंच, म्हणजे तारेनं ओझं ओढायचं यंत्र, होतं. उद्घाटनाची फीत अजून त्याच्या हुकाला लटकत होती.

"एक माणूस काखोटीला मारून नेतो," कक्षाधिकारी कौतुकानं म्हणाले. "दीड टन ओढतं."

"मग साहेब, आज न्यायचं का?"

"उद्या नेऊ. आम्ही बसलोय कशासाठी?"

ते बसले होते, यात शंकाच नव्हती.

मंगळवारी विंच आलं. एकानं ते उचललं होतं, दुसऱ्यानं त्याची तार, तिसऱ्यानं रजिस्टर, आणि साहेबांनी जबाबदारी. आता विंचचं असं असतं की दुसऱ्याला ओढण्याआधी त्याला स्वतःला कुठेतरी घट्ट बांधून घ्यावं लागतं. या बाबतीत ते कार्यालयाच्या वळणावर गेलं होतं. भांडारपालानं नियम वाचला: "यंत्र बांधण्यासाठी जवळचे, निरोगी, उभे व एका माणसाच्या कवेत न मावणारे झाड निवडावे."

"असं झाड आहे गल्लीत?" साहेबांनी विचारलं.

"एकच होतं," म्हणत टेलरनं खाली बोट दाखवलं.

साहेबांनी वाकून खोडाला मिठी मारून पाहिली. मावलं नाही. "निकषात बसतं," ते हळहळले. "फक्त उभं नाही."

"विजेच्या खांबाला बांधलं तर?"

"खांब दुसऱ्या खात्याचा. शिवाय नियमात झाड म्हटलंय. उद्या कोणी विचारलं, खांबाला पानं कुठेत, तर मी काय सांगू?"

बुधवारी बैठक झाली. पडलेलं झाड उभं करून त्यालाच विंच बांधावं, अशी एक सूचना आली. पण उभं करायला विंच लागलं असतं. तेव्हा नवीन झाड लावायचं एकमतानं ठरलं.

"कितीक वर्षांत तयार होईल?" टेलरनं विचारलं.

"जात चांगली आहे. अठरा धरा."

"साहेब, आईचं ऑपरेशन शुक्रवारी आहे."

"म्हणून तर घाई करतोय. शुक्रवारीच लावणार. साडेदहाला."

टेलर इतका गरीब की चीड यावी. त्यानं मान हलवली, वर रोपासमोरचा पडदाही फुकट शिवून दिला. कामाला हातभार लावला की काम लवकर होतं, असा त्याचा समज होता.

शुक्रवारी गल्ली फुलून गेली. साठ खुर्च्या, टेबल, माईक, सगळं खोडावरून हातोहात आत आलं. प्रमुख पाहुण्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि अलगद पलीकडून आत आणलं. रोपाला पाणी घातलं गेलं. विंच शेजारी ठेवून फोटो काढला. मग पाहुणे बोलायला उभे राहिले, गुडघा दुखत असूनही.

म्हातारी खिडकीतून हे सगळं बघत होती. तिनं टेलरला खुणेनं जवळ बोलावलं.

"त्या जाड्याला उचललं ना रे आत्ता?"

"हो."

"मी त्याच्या निम्मीसुद्धा नाही. मला खाटेसकट उचला आणि तसंच पलीकडे ठेवा की."

टेलरनं मागे वळून पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं. "आई, हळू बोल. भाषण चाललंय."

भाषण पावणेबारापर्यंत चाललं. 'लोकसहभाग' हा विषय होता.

खुर्ची उचलणाऱ्यांत पुढचा उजवा हात टेलरचाच होता. उरलेल्या तिघांचे चेहरे फोटोत आलेले नाहीत. त्यांत तुम्ही नव्हता, हे मान्य. खुर्च्या कमी पडल्या म्हणून तुम्ही माझ्याशेजारी त्या खोडावर बसला होतात, आणि टाळ्या आपण दोघांनी वाजवल्या.