मॉनिटरची लघुशंका

आमच्या किन्हवलीत शिट्टी वाजल्यावर लघवी करणारा एकच कुत्रा आहे. तो आमचे शेजारी जगन मास्तर यांचा. मास्तर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ते कुत्र्याला कुंपणाच्या खांबापाशी नेतात, शिट्टी फुंकतात आणि मॉनिटर, म्हणजे कुत्रा, पाय वर करतो. "शिस्त म्हंजे शिस्त," असं म्हणून मास्तर आमच्याकडे बघतात आणि उगाच आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

लग्नाच्या पंगतीत ते पोरांना उंचीप्रमाणे बसवतात. एकदा मयताला गेले, तर खांदेकऱ्यांची उंची जुळेना म्हणून त्यांनी उचललेली तिरडी खाली ठेवायला लावली होती.

अशा घरात एके सकाळी मॉनिटरने नव्या लादीवर मधोमध मुतून ठेवलं. मग रोजच. गावाला आयतं काम मिळालं. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी लादीच्या रंगाला दोष दिला. एकाने तर मुरबाडच्या बाजारात असाच एक कुत्रा विकायला आला होता म्हणून सांगितलं. त्याचा इथे काय संबंध, हे कोणी विचारलं नाही.

मास्तरांनी स्वतःच शोध लावला. गुन्हेगार कुकर होता. सून प्रमिला भात लावते, कुकर शिट्टी मारतो आणि मॉनिटर बिचारा हुकूम पाळतो! कुत्र्याच्या आज्ञाधारकपणाचं कौतुक करत त्यांनी कुकर माळ्यावर टाकला. प्रमिला पातेल्यात भात शिजवू लागली, पेज गाळताना हात पोळून घेऊ लागली. लादी मात्र ओली ती ओलीच.

शेवटी मॉनिटरला शहापूरला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, वय झालंय, आता त्याला धरवणार नाही. सराव वाढवला तर जमेल का, असं मास्तरांनी विचारून पाहिलं. डॉक्टरांनी पुढच्या म्हशीला बोलावलं.

प्रमिलाची सहनशक्ती संपली. तिचंही खोटं नव्हतं, घरात रांगतं पोर होतं. कुत्रा उद्यापासून शेतावरच्या गोठ्यात बांधायचा, असं तिने बजावलं. शेत रानाला लागून. तिथे बांधलेला कुत्रा बिबट्या फार दिवस ठेवत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मास्तरांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओटीवर चहा घेत होतो. आत पुन्हा लादी भिजली होती. प्रमिला फडकं आणि साखळी, दोन्ही घेऊनच आली. मॉनिटर खाटेखाली तोंड खुपसून बसला होता. मास्तर मधे येऊन उभे राहिले.

"त्याला नको बोलू. ते माझं हाय."

प्रमिला बघतच राहिली. मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "वय झालं, पोरी. धरवत नाय आता. मला पण शेतावर नेऊन बांध."

मास्तरांची पांढरी पँट कडक इस्त्रीची आणि कोरडी ठणठणीत होती. सगळ्या गावाला ताठ उभं करणारा माणूस सुनेसमोर मान खाली घालून उभा होता, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी.

प्रमिलाने पँटकडे पाहिलं, खाटेखाली पाहिलं. साखळी खुंटीला अडकवली आणि लादी पुसायला खाली बसली.

"बरं, बाबा," ती म्हणाली, "आजपासून दोघांच्या पण खाली गोधडी टाकते."