एकतर तुझा वास, नाहीतर माझा

माणूस दुःखाला सरावतो, पण दुःखाच्या वासाला त्याहून लवकर सरावतो. हे सत्य खरं तर एखाद्या थोर विचारवंताला सापडायला हवं होतं. ते सापडलं एका कारखान्याच्या कचेरीतल्या सोफ्यावर.

कारखान्यात ट्रायमिथिलअमाइन बनत असे. पदार्थ तसा साधा, घरंदाज. मध्ये एक नायट्रोजन, भोवती तीन मिथिल, बस्स. पाणी गोठतं त्याच्या जेमतेम वर तो उकळायला लागतो, म्हणजे खोलीत आला की टेकत नाही, थेट नाकात शिरतो. (पाहुणा असावा तर असा. चहाचासुद्धा खर्च नाही.) कोंबड्यांच्या खाद्यात लागणारी एक वस्तू त्याच्यापासून तयार होते, त्यामुळे कोंबड्यांची त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. माणसांची होती. थोडा असला की त्याचा वास सडक्या माशासारखा येतो, भरपूर असला की अमोनियासारखा. माशाच्या वासाची तक्रार मिटवायची तर गळती वाढवावी, असा एक प्रस्ताव व्यवस्थापनाने गांभीर्याने विचारात घेतला होता, पण माल वाया जातो म्हणून मागे पडला.

गळती पकडायला पूर्वी यंत्र होतं. ते सारखं वाजायचं आणि कामात व्यत्यय यायचा, म्हणून ते काढून तिथे माणूस नेमला. पदाचं नाव नाकदार. त्याने कारखानाभर हिंडून हुंगायचं आणि वास आला तर वर कळवायचं. आता नाकाचा धर्म असा, की एकाच वासात बराच वेळ राहिलं की ते त्याची दखल घेणं सोडून देतं. आमच्या नाकदाराने रुजू झाल्याच्या पहिल्या सकाळी एकदा कळवलं, पुढे कधीच नाही. वार्षिक अहवालात गळती नव्याण्णव टक्क्यांनी घटल्याचं जाहीर झालं. (उरलेला एक टक्का म्हणजे ती सकाळ.) नाकदाराचा सत्कार झाला. हार घालणारे बाहेरून आले होते, त्यांनी तो लांबूनच फेकला.

घरी मात्र ताजं नाक होतं. नाकदाराची बायको शाळेत व्याकरण शिकवायची, दिवसभर मोकळ्या हवेत असायची, आणि संध्याकाळी दारातच त्याला अडवायची.

"तिथेच थांब. मासळीबाजार आत आणू नकोस."

"अगं, मला तर काहीच वास येत नाही!"

"तुला येत नाही. तुझा येतो."

नाकदाराचं बायकोवर फार प्रेम होतं. गेले कित्येक महिने ते त्याला जिन्यातून करावं लागत होतं. शेवटी त्याने प्रयोगशाळेतल्या केमिस्टचे पाय धरले.

"सोपं आहे रे," केमिस्ट म्हणाला. "अमाइनकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी रिकामटेकडी बसलेली असते. तिला आम्ल गाठून दे. दोघांचं जमलं की मीठ होतं, आणि त्या मिठाला असा वास मारत नाही."

"म्हणजे लग्न झालं की प्रश्न सुटतो?"

"रसायनात सुटतो, बाबा."

नाकदाराने व्हिनेगरने आंघोळ केली. मासा गेला. मग व्हिनेगर घालवायला साबण चोळला. साबण पडला आम्लाच्या विरुद्ध पक्षातला. त्याने जमलेलं लग्न न्हाणीघरातच मोडलं, आणि मोकळं झालेलं अमाइन नाकदाराच्या आधी दिवाणखान्यात पोचलं.

बायकोने बॅग भरली. "या घरात आता एकतर तुझा वास राहील, नाहीतर माझा."

व्याकरणाच्या बाईचं वाक्य. त्यात काढायला चूकच नव्हती. नाकदाराला घाम फुटला, त्याने वास आणखी वाढला.

"आधी तुझ्या साहेबाला चार शब्द सुनावते," ती म्हणाली, "मग थेट आईकडे."

कचेरीत शिपायाने तिला सोफा दाखवला. "बसा बाई. साहेब मीटिंगमध्ये आहेत."

लोकांना ताटकळत ठेवणं हा साहेब लोकांचा माज आहे, असा एक खोडसाळ समज आहे. वास्तविक ती उपचारपद्धती आहे. साहेब आत एकटेच पेन्सिलीला टोक काढत होते. बाहेर बायको नाकाला रुमाल लावून, सुनावायचे चार शब्द मनात घोकत बसली होती. नाकदार भिंतीला चिकटून उभा होता. आपला संसार त्या रुमालात बांधलाय हे त्याला कळत होतं. रुमाल हळूहळू हनुवटीवर आला. मग मांडीवर. मग पर्समध्ये गेला.

तेव्हा साहेबांनी दार उघडलं. "बोला बाई, काय तक्रार?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, हवा हुंगली. "इथे... कसला तरी वास येत होता."

"होता," साहेब म्हणाले. "भूतकाळ. तुम्ही व्याकरणाच्या ना?"

बाहेर येऊन तिने नवऱ्याची कॉलर हुंगली. मग मान, मग केस. "अरे! तुझा तर कसलाच वास येत नाही!" आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. शिपायाने सभ्यपणे पंख्याकडे पाहिलं.

हातात हात घालून दोघं फाटकाबाहेर पडली. समोरून ताज्या वाऱ्याची एक झुळूक आली. पाच-दहा पावलांवर बायको थांबली, आणि तिचं नाक आक्रसलं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे, एकदा आईच्या घराच्या दिशेला.

"परत चल," ती म्हणाली. "आत."

तेव्हापासून ती दोघं त्या सोफ्यावरच राहतात, आणि त्यांचा वास तिथे आहे असं म्हटलं तर कुणी चुकीचं ठरत नाही. बाई शाळेत जात नाहीत, शाळा त्यांच्याकडे येते. तक्रार घेऊन येणारे शेजारीपाजारीही थोडा वेळ बसतात, निवळतात, आणि घरी जाऊन उशी घेऊन येतात. गर्दी मावेना, म्हणून व्यवस्थापनाने फाटक पलीकडच्या चौकात नेलं. मग त्याच्या पुढच्या चौकात. तक्रारी शून्यावर आल्या आहेत. फाटक सध्या कुठवर पोचलंय हे कुणालाच नक्की सांगता येत नाही, पण ओळखायची खूण सोपी आहे: बाहेरच्याला वास येतो, आतल्याला येत नाही.

घ्या बरं एक खोल श्वास. येतोय काही?

नाही ना? मग जरा सरकून बसा. बाईंना पाय लांब करायचेत.